सुरतेचं स्टिकर आणि मशीनचा डोळा

स्टिकर कापायचं मशीन बदलायचं म्हटलं की सुरतेत पहिला प्रश्न येतो, ‘केवढ्याला पडलं?’ आणि दुसरा, ‘फोर्स किती ग्रॅमचा?’ पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्यापायी बऱ्याच जणांचे पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात. या लेखात आढावा घ्यायचा आहे तो त्या दुसऱ्या प्रश्नाचा: मशीन सुधारायचं म्हणजे त्यात नेमकं काय सुधारायचं, आणि सुरतेसारख्या गावात ते घ्यायची गरज कोणाला आहे.

हा प्रश्न मराठी घरांमध्ये का निघतो, हे लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, गोडादरा या भागांत फिरलेल्याला सांगावं लागणार नाही. ताप्तीकाठच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं पिढ्यान्‌पिढ्या उधन्याला उतरली आणि लूमवर, प्रोसेस हाउसमध्ये, साडीच्या पॅकिंगमध्ये लागली. बायकांनी घरी बसून साड्यांना लेस लावली, स्टोन चिकटवले, धागे कापले. पुढच्या पिढीला लूमचा आवाज नको होता. त्यांतल्या काहींनी मोबाइलचं दुकान टाकलं, काहींनी फ्लेक्सचं, काहींनी रेडियमचं. गाडीवर ‘आई कानबाईचा आशीर्वाद’ आणि रिक्षाच्या मागच्या काचेवर मालकाच्या पोरांची नावं चिकटवणारी ती दुकानं म्हणजे सुरतेतल्या स्टिकर-धंद्याचा जुना पाया.

हा पाया सरकला तो नंबर प्लेटमुळे. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडूनच लावून मिळू लागली आणि रेडियमवाल्याचं रोजचं, न मागता येणारं काम कमी होत गेलं. मग दुकानदार दुसरीकडे वळला. साडीच्या बॉक्सवरचं लेबल, घारी या मिठाईच्या डब्यावरचं गोल स्टिकर, मसाला-खाकऱ्याच्या पाकिटावरचं नाव, लग्नातल्या भेटवस्तूंवरचे टॅग, इन्स्टाग्रामवर माल विकणाऱ्या मुलीला लागणारी ‘थँक यू’ची शंभर स्टिकरं. ही कामं रेडियमपेक्षा मुळात वेगळी आहेत. रेडियम म्हणजे एका रंगाचा व्हिनाइल रोल घ्या, अक्षर कापा, बाजूचं सोलून काढा, चिकटवा. नव्या कामात आधी रंगीत छपाई होते आणि मग त्या छपाईच्या कडेने कापायचं असतं. जुन्या मशीनवर हात बसलेला माणूस इथे अडतो आणि मशीन बदलायचा विचार इथूनच सुरू होतो.

आधी फोर्सचं प्रकरण मिटवू. साधं व्हिनाइल 80 ते 100 मायक्रॉन जाड असतं. कास्ट जातीचं तर 50 मायक्रॉनच्या आसपास. ते कापून खालचा कागद शाबूत ठेवायला, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत हाफ कट मारायला, धारदार ब्लेड असेल तर साधारण शंभर ग्रॅमच्या आगेमागे दाब पुरतो. आता जाहिराती बघा. क्रिकट मेकर हे घरगुती मशीन चार किलोचा दाब सांगतं. सिलुएट कॅमिओ 4 च्या ब्लेड धरणाऱ्या दुसऱ्या कॅरेजला पाच किलो आहेत. ते चामडं, जाड पुठ्ठा, बाल्सा लाकूड यांच्यासाठी. स्टिकरच्या कामात त्यातले पावणेचार किलो पडूनच राहणार. उलट साइनबोर्डच्या धंद्यात वर्षानुवर्षं राबणारं रोलँडचं जीएस-24 350 ग्रॅमचं, ग्राफटेकचं सीई7000-60 हे 450 ग्रॅमचं. जास्त महाग आणि जास्त टिकाऊ मशीनला कमी फोर्स, हे कोडं ज्याला सुटलं त्याला पुढचं वाचायला सोपं जाईल. फक्त स्टिकर करायची असतील तर फोर्सचा आकडा बघायचाच नाही. बाजारातल्या कुठल्याही मशीनकडे तो पुरेसा आहे. व्हिनाइल नीट कापलं जात नसेल तर दहापैकी नऊ वेळा ब्लेड बोथट झालेलं असतं किंवा होल्डरमधून गरजेपेक्षा जास्त बाहेर आलेलं असतं.

मग पैसे कशासाठी मोजायचे? मशीनच्या डोळ्यासाठी. छापलेल्या कागदाच्या कोपऱ्यांवर काळ्या खुणा असतात, त्या वाचणारा सेन्सर म्हणजे तो डोळा. प्रिंटरने कागद किंचित तिरपा ओढलेला असतो. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने तो एका दिशेला थोडा आकसतो. पावसाळ्यात मागचा कागद दमट हवा पिऊन फुगतो आणि शीट कडेने वळते. कॉम्प्युटरवर जो गोल अगदी गोल होता, तो कागदावर केसभर लांबट होऊन येतो. चांगला सेन्सर चारही खुणा वाचतो, त्यांच्यातलं अंतर मोजतो आणि कापायची रेघ तेवढीच तिरकी, तेवढीच लांबट करून घेतो. साधा सेन्सर फक्त कागद कुठून सुरू होतो एवढंच बघतो. मग शीटच्या वरच्या रांगेतली स्टिकरं बरोबर कापली जातात आणि खालच्या रांगेत एका बाजूला पांढरी किनार दिसते. गिऱ्हाइकाला फोर्स दिसत नाही, ही पांढरी किनार मात्र हमखास दिसते.

सुरतेत डोळ्याची परीक्षा जरा जास्तच कडक होते, कारण हे जरीचं गाव. साडीच्या लेबलला सोनेरी कागद हवा, मिठाईच्या डब्याला चमकणारं लॅमिनेशन, आणि अलीकडे सगळ्यांना होलोग्रामसारखी सप्तरंगी फिल्म. सेन्सर काळ्या-पांढऱ्यातला फरक परतणाऱ्या प्रकाशावरून ओळखतो. चकचकीत पृष्ठभागावर काळी खूणही उजेड फेकते आणि सेन्सर गोंधळतो. मशीन तीन-तीनदा खुणा शोधतं, शेवटी ‘सापडत नाही’ म्हणतं. जाणकार कारागीर खुणांवर चमक नसलेल्या पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावतात, नाहीतर लॅमिनेशन खुणांच्या आत कापून घेतात. युक्ती चालते, पण दिवसाला दोनशे शीटना चिकटपट्टी लावत बसणं हे काम नव्हे. ज्याचा निम्मा माल सोनेरी आहे त्याने मशीन घेताना हीच एक गोष्ट तपासली तरी चालेल.

आता बाजारात काय आहे ते बघू, आणि सगळ्यांना सारखी जागा देणार नाही.

क्रिकट हे नाव घरगुती कलाकुसरीच्या जगात सर्वांत मोठं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या प्रोव्हो क्राफ्ट या कंपनीने पहिलं मशीन काढलं, तेव्हा डिझाइनच्या कार्ट्रिज विकत घ्याव्या लागत. आजची एक्सप्लोर आणि मेकर ही मशीन देखणी आहेत, शिकायला सोपी आहेत. ज्या मुलीला घरून महिन्याला काही शे स्टिकरं करायची आहेत, तिला सुरुवातीला यापेक्षा सोपं काही मिळणार नाही. पण धंदा वाढला की भिंत लागते, आणि ती भिंत मोजता येते. छापून-कापायच्या कामात क्रिकटने कित्येक वर्षं 9.25 बाय 6.75 इंचांचीच जागा दिली होती. नव्या मशीनवर ती मर्यादा सैल झाली आहे, जुनं मशीन सेकंडहँड घेणाऱ्याने मात्र हे आधी विचारावं. दोन इंची गोल स्टिकर त्या जागेत जेमतेम बारा बसतात. सुरतेच्या कुठल्याही डिजिटल प्रेसवर मिळणाऱ्या 12 बाय 18 च्या शीटवर ती चाळीस बसतात. म्हणजे साडीवाल्याच्या हजार लेबलांना एकीकडे 84 शीट, दुसरीकडे 25. शीटची संख्या तिपटीच्या वर, आणि मशीनसमोर उभं राहण्याचा वेळही त्याच मापाने वाढतो.

क्रिकटची दुसरी अडचण स्वभावाची आहे. तिचं सॉफ्टवेअर कंपनीचं खातं उघडल्याशिवाय चालत नाही. मार्च 2021 मध्ये कंपनीने जाहीर केलं की पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला स्वतःची वीसच डिझाइनं चढवता येतील. जगभर आरडाओरडा झाला आणि काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, पण मशीन आपलं असलं तरी किल्ली दुसऱ्याकडे आहे हे सगळ्यांना कळून चुकलं. छंदासाठी हे चालेल. ज्याच्या घरचं भाडं त्या मशीनवर निघतं त्याने विचार करावा.

सिलुएट कॅमिओ ही मधली पायरी, आणि माझ्या मते सुरतेतल्या लहान स्टिकरवाल्यासाठी सर्वांत समंजस. 2011 पासूनचं हे मशीन अमेरिकन नावाने विकलं जातं, पण कंपनी जपानच्या ग्राफटेकच्या छत्राखाली आहे, आणि ग्राफटेक ही प्लॉटरच्या धंद्यातली जुनी कंपनी. ती शिस्त या घरगुती मशीनमध्येही थोडी उतरली आहे. साधं कॅमिओ बारा इंची, त्यामुळे 12 बाय 18 ची शीट आत जाते. तेरा इंची शीट वापरणाऱ्यांनी पंधरा इंची प्लस घ्यावं. सॉफ्टवेअर ऑफलाइन चालतं. फक्त एक छुपा खर्च आहे: फुकट मिळणाऱ्या आवृत्तीत एसव्हीजी फाइल उघडत नाही, त्यासाठी डिझायनर एडिशन, आणि कोरलची फाइल थेट उघडायला बिझनेस एडिशन विकत घ्यावी लागते. पैसे एकदाच भरायचे असतात, दर महिन्याला नाही. दुकानदार मशीनचा भाव सांगताना हे सांगत नाहीत.

मग येतात चिनी प्लॉटर. रेडियमच्या दुकानात दिसणारं दोन फुटी जिंका हे त्यातलं सर्वांत ओळखीचं. काही हजारांत येतं, रोलँड पद्धतीचं ब्लेड घेतं, ते ब्लेड कुठेही स्वस्तात मिळतं, आणि बिघडलं तर गल्लीतला मेकॅनिक उघडून बघतो. एकरंगी रेडियमला याच्यापुढे काही घ्यायची गरज नाही, हे मी ठामपणे म्हणेन. छापील स्टिकरसाठी मात्र यांच्यात दोन जाती पडतात. एकात लेझरचा लाल ठिपका असतो, तो बटणं दाबून हातानेच खुणेवर आणायचा. दुसऱ्यात सेन्सर किंवा कॅमेरा असतो, त्याला दुकानदार ‘ऑटो कॉन्टूर’ म्हणतो. हाताच्या ठिपक्यावर दहा शीट निघतात, शंभर निघत नाहीत. माणसाचा डोळा दुपारनंतर चुकतोच. ‘कॉन्टूर होतं’ एवढ्या उत्तरावर विश्वास न ठेवता ‘कोण करतं, मशीन की मी?’ असं विचारावं.

लाखाच्या वरच्या पायरीवर ग्राफटेक आणि रोलँड. यांच्यात सर्वो मोटर असते. चिनी मशीनची स्टेपर मोटर खडखडते, लहान वळणांवर पायऱ्या दिसतात आणि कधी एखादं पाऊल चुकलं की पुढचं सगळं सरकतं. सर्वो मोटर आपण कुठे आहोत हे सतत तपासत राहते. खुणा वाचण्यात ही मशीन दोन पावलं पुढे आहेत आणि कोरल किंवा इलस्ट्रेटरमधूनच थेट काम पाठवता येतं. दहा वर्षं जुनं ग्राफटेक अजून कामाला लावलेलं दिसतं, यातच काय ते आलं.

वेगाचा आकडा मात्र इथेही फसवा आहे. सीई7000-60 सेकंदाला 900 मिलिमीटर धावू शकतं, घरगुती मशीन साधारण 200. म्हणून काम साडेचार पट होईल असं वाटतं. हिशोब करून बघा. 12 बाय 18 च्या शीटवर चाळीस गोल, प्रत्येकाचा घेर सोळा सेंटिमीटर, म्हणजे ब्लेडला चालायचं साडेसहा मीटरच्या आसपास. लहान गोलात कुठलंच मशीन पूर्ण वेग घेत नाही. सरासरी 100 मिलिमीटर धरली तर एका मिनिटाच्या थोडं वर, 200 धरली तर अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. शीट लावणं, खुणा वाचणं, काढून बाजूला ठेवणं यात दोन्हीकडे दीड-दोन मिनिटं जातात. तीन मिनिटांचं काम अडीच मिनिटांवर येतं. तासाला वीस शीटच्या जागी चोवीस. म्हणजे खरा वेळ खातो तो माणसाचा हात. म्हणूनच अलीकडे आपोआप शीट ओढून घेणारी कॅमेऱ्याची ए3 मशीन येऊ लागली आहेत: शंभर शीटचा गठ्ठा लावला की मशीन एकेक ओढतं, बघतं, कापतं आणि टाकतं. डिजिटल प्रेस चालवणाऱ्याने सुधारणा करायची तर याच दिशेने करावी, नुसत्या वेगासाठी नव्हे.

मराठी स्टिकर करणाऱ्यांचा एक प्रश्न कुठल्याच मशीनच्या माहितीपत्रकात नसतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. शिरोरेखेचा. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची डोक्यावरची रेघ वेगळी काढलेली असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर एक सलग रेघ दिसते. पण मजकूर कर्व्हमध्ये बदलून सरळ मशीनला पाठवला की ब्लेड प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं. ‘जय खान्देश’ची तुकड्या-तुकड्यांची रेघ होते, काना सुटून हातात येतो, मात्रा मागच्या कागदावरच राहते. उपाय एकच, मजकूर कर्व्ह केल्यावर ‘वेल्ड’ करून सगळं एकजीव करायचं, आणि हे शक्यतो कोरल किंवा इंकस्केपमध्ये. प्लॉटरसोबत आलेल्या आर्टकटसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड जोडाक्षरं नीट येतील अशी आशा ठेवू नये. बरीच दुकानं अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर आहेत. ते काही वाईट नाही, कारण कर्व्ह झालं की फॉन्ट संपतो, आकार उरतो.

शेजारच्या गुजराती दुकानदाराला ही कटकटच नाही, त्याच्या लिपीला शिरोरेखा नाही. पण मग त्याला प्रत्येक अक्षर सुटं सांभाळावं लागतं, ट्रान्सफर टेपवर एखादं अक्षर मागे राहिलं की पुन्हा सुरुवात. आपला वेल्ड केलेला शब्द मात्र रेघेला धरून अख्खा उचलला जातो, टोकापासून धरून ओढला तर बारीक मात्राही सोबत येते. अनुस्वार आणि नुक्ता तेवढे सुटे राहतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. म्हणून मशीनच्या चाचणीसाठी इंग्रजी नाव कापून बघू नये. आठ मिलिमीटर उंचीत ‘श्रीक्षेत्र’ कापून बघावं. स्टेपर मोटरची खोड आणि ब्लेडची धार दोन्ही त्या एका शब्दात उघडी पडतात.

मशीन न घेण्याचे रस्तेही या गावात भरपूर आहेत, आणि प्रामाणिक आढाव्यात ते यायला हवेत. दहा हजार लेबलं एकाच आकाराची असतील तर वरच्या हिशोबाने 250 शीट, साडेबारा तास प्लॉटरवर. तिथे डाय बनवून पंचिंग करणारा निम्म्याहून कमी वेळात मोकळा होतो. लाखांत लेबल लागत असेल तर रोलवर छापून तिथेच कापणारी फ्लेक्सो लेबलची छपाई. बाटली, मग, काचेच्या बरणीसाठी आता यूव्ही डीटीएफ आलं आहे: फिल्मवर गोंद, पांढरा, रंग आणि वार्निश असे थर छापतात, वर दुसरी फिल्म दाबतात, आणि घासून लावलं की फक्त छापलेला भाग चिकटतो. त्याला कडेने कापायचं मशीनच लागत नाही. ज्याचा सगळा धंदा बरण्यांच्या लेबलांचा आहे त्याने नवा प्लॉटर घेण्याआधी जॉबवर्कवाल्याकडून एक मीटर यूव्ही डीटीएफ करून बघावं. कागदी डब्यावर आणि साडीच्या लवचीक पिशवीवर मात्र साधं स्टिकरच बरं दिसतं, ते प्लास्टिकसारखं जाड आणि चकाकतं लागत नाही.

एका मोहापासून सावध करायला हवं. सुरतेत हिऱ्यापासून साडीच्या कटवर्कपर्यंत सगळं लेझरने कापतात, त्यामुळे ‘व्हिनाइल पण लेझरवरच मारू’ हा सल्ला देणारे भेटतात. साधं व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते लेझरने जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्राचं लोखंडही गंजवतो. कागदी स्टिकर लेझरवर चालतं, व्हिनाइल कधीच नाही.

मग कोणी बदलावं? आठवड्याला दहा-वीस शीट असतील तर जुनं मशीन ठेवून छापील काम जॉबवर्कला द्यावं. कॉन्टूर कट करून देणारं कोणी ना कोणी उधन्यातच सापडतं. रोज दोन तासांच्या वर फक्त कापण्यात जात असतील किंवा दुसऱ्याच्या दुकानात रांगेत उभं राहून नवरात्रीची ऑर्डर हुकत असेल, तर स्वतःचा सेन्सरवाला प्लॉटर किंवा कॅमिओ प्लस परवडतो. दिवसाला शंभर शीट असतील तर शीट ओढणारं मशीन, आणि तेव्हाही एका माणसाचा पगार वाचतो का हे आधी कागदावर मांडावं. निम्मं काम एकरंगी रेडियमचं आणि निम्मं छापील असेल तर एका महागड्या मशीनपेक्षा जुनं जिंका आणि सोबत एक कॅमिओ ही जोडी मला जास्त पटते. एक बंद पडलं तरी दुकान बंद पडत नाही.

विक्रेत्याकडे जाताना स्वतःची छापलेली शीट न्यावी, त्याचा नमुना बघू नये. त्याच्या नमुन्याचा कागद नेहमी पांढरा, कोरडा आणि सपाट असतो. आपली शीट सोनेरी असावी, लॅमिनेट केलेली असावी, आणि शक्य असेल तर आदल्या रात्री छापून उघडी ठेवलेली. एक नव्हे, ओळीने दहा शीट कापायला लावाव्यात आणि पहिल्या व दहाव्या शीटचं खालच्या उजव्या कोपऱ्यातलं स्टिकर शेजारी ठेवून बघावं. सेकंडहँड असेल तर ब्लेडखालची पांढरी पट्टी बोटाने चाचपावी. तिच्यावर खोल चर पडले असतील तर हाफ कट कधीच सारखा येणार नाही, पण ती पट्टी बदलता येते आणि भाव पाडायला उपयोगी पडते. रबराचे रोलर गुळगुळीत झाले असतील तर लांब रोल तिरका जाईल. मीटरभर लांबीची सरळ रेघ तिथेच कापून, कागद मागे नेऊन, त्याच रेघेवरून पुन्हा कापायला सांगावं. दोन रेघा दिसल्या तर पाया पडून बाहेर यावं.